श्वासाच्या वाटेतील टेकू

दम लागला की दमा, असे निदान घरीदारी सहज केले जाते. कधीकधी डॉक्टरही या समजुतीला फसतात. पण दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते आणि ती छातीतील बारीक नळ्यांतून येते. श्वास आत ओढताना गळ्यापाशी घरघर होऊ लागली, औषधांनी व वाफाऱ्यांनी ती हटेना, आणि रोगी काही आठवड्यांपूर्वी इस्पितळात कृत्रिम श्वसनयंत्रावर होता असे कळले, तर संशय मोठ्या वाटेचा घ्यावयास हवा. ही मोठी वाट म्हणजे मुख्य श्वासनलिका व तिच्या दोन शाखा.

प्रौढ माणसाची श्वासनलिका सुमारे १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. कूर्चेच्या अर्धगोल कड्यांनी तिचा आकार उघडा राहतो. ती अरुंद होऊ लागली तरी बराच काळ काही जाणवत नाही. व्यास ८ मिलिमीटरच्या आसपास आला की जिना चढताना धाप लागते, आणि ५ मिलिमीटरच्या खाली गेला की बसल्या जागी जीव घाबरा होतो. संथपणे वाहणाऱ्या हवेचा नियम असा की, नळीचा व्यास निम्मा झाल्यास अडथळा दुपटीने नव्हे, तर सोळा पटींनी वाढतो. अशा अवस्थेत कफाची एक गाठही प्राणावर बेतू शकते.

वाट अडण्याची कारणे मुख्यतः दोन प्रकारची. एक, फुफ्फुसाचा वा अन्ननलिकेचा कर्करोग नलिकेत वाढणे किंवा बाहेरून तिला दाबणे. दुसरे, कर्करोगाविना पडलेला व्रण. क्षयानंतर असा व्रण राहतो. श्वसनयंत्राच्या नळीनेही तो पडतो. त्या नळीभोवतीचा हवेचा फुगा फार घट्ट झाला, तर आतील त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते आणि भरून येताना आकसते. ज्या नळीने प्राण वाचविले, तीच पुढे वाट रोखते! २०२० व २०२१ साली कोविडच्या साथीत असंख्य रोगी दीर्घकाळ यंत्रावर होते, आणि त्यानंतर असे व्रण अनेक ठिकाणी आढळून आले.

श्वासनलिकेत दुर्बीण घालण्याची विद्या जुनी आहे. १८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा सरळ नळीतून पाहून बाहेर काढला. आजही कठीण प्रसंगी तशीच धातूची ताठ नळी, पूर्ण भूल देऊन, तोंडावाटे उतरवितात. भूल देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा, दोघांनाही काम करावयाचे ते त्या एकाच वाटेत. एकाने श्वास चालू ठेवायचा आणि दुसऱ्याने तेथेच हत्यार चालवायचे. गाठ लेसरने जाळतात वा कोरून काढतात, आकसलेला भाग फुग्याने रुंदावतात. एवढ्याने वाट उघडी राहिली तर उत्तमच. ती पुन्हा मिटू पाहत असेल, किंवा दाब बाहेरून असल्याने आत कापण्याजोगे काहीच नसेल, तर नलिकेला आतून टेकू द्यावा लागतो. तोच स्टेंट.

हे नाव चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्याचे. दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने केलेल्या मिश्रणाचा पुढे त्वचारोपणात आधारासाठी उपयोग झाला आणि आधार देणाऱ्या वस्तूंना ते नाव चिकटले. १९६५ साली बोस्टनच्या विल्यम मॉन्टगोमेरी यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची नळी प्रसिद्ध केली, तर १९९० साली मार्सेयच्या झाँ-फ्रान्स्वा द्यूमाँ यांनी सिलिकॉनचा स्टेंट पुढे आणला. तो घसरू नये म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक गुटे असतात.

दुसरा प्रकार निकेल व टिटॅनियमच्या जाळीचा. मिटवून आत नेला की तो आपोआप उमलतो. लवचिक दुर्बिणीच्या साह्यानेही बसविता येतो. हे सोपेपण मात्र पुढे महागात पडू शकते. जाळीतून मांस वाढते, तारा तुटतात, आणि रुतलेली जाळी काढताना नलिकाच फाटण्याचे भय असते. म्हणून २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की, कर्करोग नसलेल्या रोग्यास धातूचा स्टेंट इतर सर्व उपाय पाहून झाल्यावरच बसवावा. ज्याच्या आयुष्याचे थोडेच महिने उरले आहेत, त्याला जाळीने मोकळा श्वास मिळणे हे मोठेच दान होय. पण पंचविशीतल्या तरुणाच्या व्रणासाठी ती बसविण्यापूर्वी दहादा विचार करावयास हवा. प्रकृती साथ देत असल्यास आकसलेला भाग कापून दोन टोके जोडण्याची शस्त्रक्रिया त्याला अधिक हिताची ठरते.

सिलिकॉनचा स्टेंट काढता येतो, पण तोही निर्धोक नाही. नलिकेतील सूक्ष्म केस कफ वर ढकलीत असतात. स्टेंटच्या लांबीपुरते ते काम थांबते. कफ साचतो, टोकांशी मांस वाढते, कधी स्टेंट जागचा हलतो. म्हणून मिठाच्या पाण्याचा वाफारा डॉक्टर सांगतील तितक्या वेळा नेमाने घ्यावा. अचानक धाप लागली, आवाज बदलला वा कफ सुटेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. स्टेंटचा प्रकार, माप व जागा लिहिलेले कार्ड रोग्याने सदैव जवळ बाळगावे आणि दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते भूल देणाऱ्या डॉक्टरांस दाखवावे. नकळत घातलेल्या नळीने स्टेंट खाली ढकलला जाऊ शकतो.