रक्तद्रव बदलला, जीव वाचतो का?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली आणि ‘प्लाझ्मा एक्स्चेंज’ हे नाव वर्तमानपत्रांतून सर्वसामान्यांपर्यंत पोचले. जीबीएसमध्ये हा उपचार कसाला उतरलेला आहे. आता अतिदक्षता विभागात सेप्सिसच्या रुग्णासाठीही तो कधी कधी सुचवला जातो. इथे मात्र हिशेब तितका सरळ नाही.

सेप्सिसमध्ये जंतूंपेक्षा शरीराचा बेताल प्रतिसादच अधिक घातक ठरतो. रक्तवाहिन्यांचे अस्तर झिरपू लागते, सूक्ष्म गुठळ्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि एकेक अवयव थकतो. २०१७ या एका वर्षात जगभर सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला, त्यांपैकी १.१ कोटी दगावले.

प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये यंत्र रुग्णाचा रक्तद्रव वेगळा काढते आणि त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा भरते. दाह भडकवणारी द्रव्ये बाहेर पडतात. गुठळ्यांना आवर घालणारे ‘एडीएएमटीएस-१३’सारखे खर्ची पडलेले घटक परत मिळतात. ‘टीटीपी’ या दुर्मीळ रक्तविकारात याच उपचाराने असंख्य प्राण वाचले, हे १९९१च्या कॅनडातील चाचणीपासून पक्के झाले आहे. तेव्हा सेप्सिसमधली आशा निराधार नाही.

पण पुरावा काय सांगतो? रशियातील अर्खांगेल्स्क येथील १०६ रुग्णांची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण प्लाझ्मा एक्स्चेंज केलेल्यांत ३३.३ टक्के, तर इतरांत ५३.८ टक्के होते. मात्र रुग्णांमधले इतर फरक हिशेबात धरताच हा लाभ निर्विवाद राहिला नाही. २०२१ साली जर्मनीतील ४० रुग्णांच्या चाचणीत रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनालिनची गरज झपाट्याने घटली. मृत्यूंच्या संख्येत फरक दिसला नाही. चाचणी लहान होती, त्यामुळे यावरून अंतिम निकाल लावता येत नाही.

मॉनिटरवरचे आकडे सुधारणे आणि रुग्ण घरी परतणे यांत अंतर असते, हे सेप्सिसने पूर्वीही दाखवले आहे. ‘झायग्रिस’ हे औषध २००१ साली मोठ्या अपेक्षेने बाजारात आले. पुढच्या चाचणीत निरुपयोगी ठरल्यावर २०११ साली ते मागे घेतले गेले.

शिवाय या उपचाराची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. एका वेळेला प्लाझ्माच्या डझनभर पिशव्या लागू शकतात. कॅल्शियम घटते, अॅलर्जी किंवा फुप्फुसाला इजा होऊ शकते आणि काही प्रतिजैविकेही रक्तद्रवाबरोबर बाहेर जातात. पुरावा अपुरा असल्यानेच अफेरेसिस, म्हणजे रक्तातले घटक वेगळे काढण्याच्या तंत्रातील तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने सेप्सिसला तिसऱ्या वर्गात ठेवले आहे. म्हणजे निर्णय प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करून घ्यायचा.

ठोस पुरावा मिळेपर्यंत खरा आधार जुनाच आहे. सेप्टिक शॉकचा संशय येताच तासाभरात प्रतिजैविक, सलाइन आणि संसर्गाच्या मुळावर घाव. उद्या कुणी संमतीपत्र पुढे केले, तर नातेवाइकांनी एवढे जरूर विचारावे: हे सगळे वेळेत झाले का, आणि आमच्याच रुग्णाला प्लाझ्मा एक्स्चेंज का हवे?