भुंकण्यावर चिठ्ठी कोण लावतं?

पडद्यावर ऑलिव्हर नावाचा कुत्रा आहे. तो मान वर करून कशाकडे तरी बघतो, कान हलतात, जीभ आत-बाहेर होते. त्याला आत्ता बरं वाटतंय की नको वाटतंय, हे बघणाऱ्याने सांगायचं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी शेकडो लोकांना अशा चित्रफिती दाखवल्या आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. काही चित्रफितींत ऑलिव्हरपुढे खाऊ धरला होता किंवा फिरायला न्यायचा पट्टा दाखवला होता, तर काहींत व्हॅक्यूम क्लीनर आणला होता किंवा त्याला हलकेच दटावलं होतं. मग संशोधकांनी कात्री चालवली. खाऊ बघून खुललेला ऑलिव्हर व्हॅक्यूम क्लीनरच्या प्रसंगात बसवला आणि बिचकलेला ऑलिव्हर खाऊच्या प्रसंगात. बघणाऱ्यांना फरक कळला नाही. व्हॅक्यूम क्लीनर दिसला की कुत्रा त्रासलेला, खाऊ दिसला की कुत्रा खूश. त्याचा चेहरा आणि अंग काय सांगत होतं, ते जवळपास कोणी विचारातच घेतलं नाही.

वरवर पाहता हा निष्कर्ष माणसांबद्दलचा आहे. पण प्राण्यांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रांनाही तो तितकाच लागू पडतो, कारण या यंत्रांना शिकवायला आपल्याशिवाय दुसरं आहे कोण?

अशा यंत्रांची सध्या चलती आहे. मांजराचं म्यावम्याव ऐकून त्याचा अर्थ मोबाइलवर दाखवणारं ‘म्यावटॉक’ २०२० मध्ये आलं. दक्षिण कोरियाच्या ‘पेटपल्स’ कंपनीचा गळपट्टा कुत्र्याचं भुंकणं ऐकून आनंद, निवांतपणा, चिंता, राग, दुःख अशा पाच भावनांपैकी एक सांगतो. चीनच्या बायडू कंपनीने तर प्राण्यांचे आवाज, हालचाली आणि शरीरातले बदल एकत्र करून त्यांचं मानवी भाषेत रूपांतर करणाऱ्या तंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला आहे. तो २०२५च्या मे महिन्यात उजेडात आला.

या सगळ्यांची शिकवणी साधारण एकाच पद्धतीने चालते. हजारो आवाज किंवा फोटो जमवायचे आणि प्रत्येकावर माणसाने एक चिठ्ठी लावायची: हा खूश, हा घाबरलेला, हा चिडलेला. ही थप्पी पुढ्यात आली की कोणत्या चिठ्ठीबरोबर आवाजातले कोणते चढउतार किंवा चेहऱ्यावरचे कोणते कोन वारंवार येतात, ते यंत्र हुडकून काढतं. नवं भुंकणं ऐकलं की त्यातल्या त्यात जवळची चिठ्ठी उचलून दाखवतं. म्हणजे जाहिरातीतल्या ‘नव्वद टक्के अचूक’चा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की शंभरातल्या नव्वद वेळा यंत्राची चिठ्ठी माणसाच्या चिठ्ठीशी जुळली. माणसाची चिठ्ठी मुळात कुत्र्याशी जुळत होती का, हे त्या टक्केवारीत कुणी विचारलेलंच नसतं.

आणि माणसाची चिठ्ठी किती बेभरवशाची असते, याचा एक नमुना प्रत्येक कुत्रेवाल्या घरात सापडतो. चप्पल कुरतडलेली असते, आपण ओरडतो, कुत्रा मान खाली घालून डोळे चुकवतो आणि घरचे म्हणतात, ‘बघा, कळतंय त्याला.’ न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे चौदा कुत्र्यांवर तपासलं. खाऊला तोंड लावायचं नाही, असं बजावून मालक खोलीबाहेर गेला. परत आल्यावर कधी त्याला खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहऱ्याचा आणि अपराधाचा काही संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा. उलट ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो जास्त ठळक दिसला. अशा चेहऱ्यांच्या फोटोंवर ‘अपराधी’ अशा चिठ्ठ्या लावून कोणी ॲप शिकवलं, तर ते इमानेइतबारे तीच चूक शिकेल, आणि त्याची अचूकताही उत्तम येईल.

या धंद्याचे आद्यपुरुष जपानी. खेळणी बनवणाऱ्या ताकारा कंपनीने २००२ मध्ये ‘बाउलिंग्वल’ बाजारात आणलं. ध्वनितज्ज्ञ मात्सुमी सुझुकी त्यात सामील होते. गळपट्ट्यातला मायक्रोफोन भुंकणं टिपायचा, हातातलं छोटं यंत्र ते सहांपैकी एका भावनेच्या खात्यात टाकायचं आणि आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यांतलं एखादं वाक्य दाखवायचं. त्याच वर्षी त्याला गमतीदार शोधांना दिलं जाणारं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं, माणूस आणि कुत्रा यांच्यात सलोखा घडवल्याबद्दल! लोक हसले आणि लोकांनी ते विकतही घेतलं. तेव्हापासून संगणकाची ताकद अफाट वाढली असली, तरी सहा खाती आणि तयार वाक्यं हा ढाचा फारसा बदललेला नाही.

बुडापेस्टच्या ओत्व्होश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी मात्र वेगळी वाट धरली, आणि मला ती अधिक प्रामाणिक वाटते. मुदी नावाच्या हंगेरियन मेंढपाळी जातीच्या चौदा कुत्र्यांचं सहा हजारांहून अधिक वेळचं भुंकणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. चिठ्ठ्या भावनेच्या नव्हत्या, प्रसंगाच्या होत्या: अनोळखी माणूस आला, कुत्रा एकटा बांधलाय, चेंडू दिसला, फिरायला निघायचंय, खेळ चाललाय, झुंज चाललीय. ‘राग आलाय’ हा आपला अंदाज असतो. ‘कुंपणाशी अनोळखी माणूस उभा होता’ ही घडलेली गोष्ट असते, तिला साक्षीदार असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात संगणकाने ४३ टक्के भुंकणी योग्य प्रसंगात बसवली. आकडा किरकोळ वाटेल, पण सहा प्रसंगांतला एक डोळे मिटून निवडला असता तर सतराच्या आसपासच मजल गेली असती. कोणतं भुंकणं कोणत्या कुत्र्याचं, हे त्याने ५२ टक्के वेळा ओळखलं.

मिशिगन विद्यापीठाने मेक्सिकोतल्या संशोधकांबरोबर २०२४ मध्ये याच वाटेवर पुढचं पाऊल टाकलं. माणसांच्या बोलण्यावर आधीच तयार झालेलं वेव्हटूव्हेक हे मॉडेल त्यांनी ७४ कुत्र्यांच्या आवाजांवर लावलं. केवळ भुंकण्यावर शिकलेल्या मॉडेलपेक्षा माणसांचं बोलणं ऐकून आलेलं हे मॉडेल सरस ठरलं. सर्वांत चांगल्या निकालात अचूकता ७० टक्क्यांपर्यंत गेली. पण त्यातले बहुतेक कुत्रे चिवावा, फ्रेंच पूडल आणि श्नाउझर. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचं भुंकणं यांच्या शाळेत कधी ऐकलेलंच नाही.

आवाज सोडून शरीराकडे वळणारेही आहेत. जपानच्याच ‘इनुपथी’चा छातीपट्टा कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मोजतो आणि मनःस्थितीनुसार रंगीत दिवे लावतो. कल्पना देखणी आहे. पण छाती धडधडते ती मालक दारात दिसल्यावर आणि फटाका फुटल्यावरही. ठोक्यांवरून प्राणी किती उत्तेजित झालाय ते कळतं. उत्तेजना सुखाची की भीतीची, हे सांगणं फार अवघड. शिवाय निरोगी कुत्र्याचे ठोके श्वासाबरोबर आपोआप कमीजास्त होत असतात. तो बदल बाजूला काढल्याशिवाय भावनेपर्यंत पोचताच येत नाही.

म्हणून ही सगळी यंत्रं फोल, असं मात्र नाही. माणसाच्या डोळ्यांतून निसटणारं कॅमेरा पकडू शकतो. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये तीस कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रीकरण मोजून दाखवलं, की मालक दिसल्यावर शेपटी उजवीकडे अधिक झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. घरी बसून कोणाला हे दिसणार? आणि मांजराच्या वेदनेच्या बाबतीत तर हे तंत्र खरोखर कामाला येऊ लागलंय.

मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. जखमी मांजर घुरघुरतंसुद्धा, आणि आपण समजतो, मजेत आहे. माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याचा एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात पाच गोष्टी बघायच्या. कान समोर वळलेले आहेत, की दोन्ही बाजूंना पसरून त्यांच्यातलं अंतर वाढलंय. डोळे उघडे आहेत की आकसलेत. नाकातोंडाचा भाग गोल, सैल आहे की ताणून लांबुळका झालाय. मिशा मोकळ्या वळणाच्या आहेत की सरळ ताठ होऊन पुढे आल्यात. डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली गेलंय. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. चार किंवा अधिक झाले की वेदनाशामक देण्याचा विचार करायचा.

इथे चिठ्ठी अंदाजाने लावलेली नाही. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर चेहरा कसा बदलतो, हे पडताळता येतं. इस्राएलमधल्या हैफा विद्यापीठात ॲना झमान्स्की यांच्या गटाने असंच केलं. नसबंदी झालेल्या २९ मांजरींचे शस्त्रक्रियेआधीचे आणि शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक देण्याआधीचे चेहरे यंत्राला दाखवले. २०२२ मधल्या त्या कामात यंत्राने सुमारे ७२ टक्के वेळा बरोबर ओळखलं. कॅनडातलं ‘टॅब्ली’ आणि जपानच्या केअरलॉजी कंपनीने निहोन विद्यापीठाबरोबर बनवलेलं ‘कॅट्समी’ ही ॲप फोटोवरून वेदनाच शोधतात. ‘कॅट्समी’चा दावा ९५ टक्क्यांहून अधिक अचूकतेचा आहे. दावा कंपनीचा आहे, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पण चेहऱ्याची घडणच माणसाने बदलून ठेवली असेल तर? मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांतून पर्शियन मांजरं आता नवी राहिलेली नाहीत. चपटं नाक, दबलेलं तोंड ही त्यांची शोभा. लॉरेन फिंका आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे दोन हजार मांजरांच्या चेहऱ्यांचं मोजमाप केलं, तेव्हा चपट्या चेहऱ्याच्या जाती काही दुखत नसतानाही दुखऱ्या दिसतात, असं आढळलं. सर्वांत वर होती स्कॉटिश फोल्ड, दुमडलेल्या कानांची. म्हणजे यंत्र तिला उगाच दुखरी ठरवणार. पण गंमत पुढेच आहे, आणि ती काही हसण्यासारखी नाही. ज्या जनुकामुळे तिचे कान दुमडतात, त्याच जनुकामुळे तिची कूर्चा सदोष बनते आणि सांधे खरोखर दुखतात. तेव्हा यंत्र चुकलं की नकळत बरोबर निघालं, हे फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी एक्सरेच काढावा लागतो.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याचं उलटं. त्याची शेपटी बऱ्याचदा मुळातच पाठीवर वळलेली असते, कान उभे असतात. परदेशी जातींच्या फोटोंवर शिकलेलं ॲप त्याला सदैव सावध किंवा आक्रमक ठरवील. आणि लोंबत्या कानांचा, दाट केसांचा एखादा कुत्रा भीतीने गोठून उभा असेल तर त्याला शांत म्हणेल. हा दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. ‘कुत्रा निवांत आहे’ असं मोबाइल म्हणतोय म्हणून घरातलं लहान मूल त्याच्या गळ्यात हात टाकायला गेलं, तर चावा ॲपला बसत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये २०२५ मध्ये प्राण्यांच्या संवेदनशीलतेवर काम करणारं केंद्र सुरू झालं. त्याचे प्रमुख जोनाथन बर्च यांचा इशारा हाच आहे, की ही तंत्रं मालकाला जे ऐकायला आवडेल तेच ऐकवू शकतात. वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘तुमच्या मांजरीला तुमचा कंटाळा आलाय’ असं कोणतं ॲप रोज सांगेल?

दिवाळीत पलंगाखाली शिरलेला कुत्रा, धापा टाकणारा, ओठ चाटणारा, झोप नसताना जांभया देणारा, शेपटी पोटाशी घेतलेला, घाबरलाय हे समजायला यंत्र लागत नाही. अवघड असतात ते सावकाश होणारे बदल: मांजर खिडकीवर उडी मारायचं बंद होतं, कुत्रा रात्री चारदा उठतो, अंग खाजवणं वाढतं. झोप, चालणं, खाजवणं नुसतं मोजून ठेवणारे गळपट्टे इथे उपयोगी पडतात. ते भावनेचं नाव घेत नाहीत, त्या प्राण्याचा आजचा दिवस त्याच्याच गेल्या महिन्याशी ताडून बघतात. डॉक्टरही आल्या आल्या तेच विचारतात: खातो का, कधीपासून?

मोबाइल हातात आहेच, तर त्याचा एक साधा उपयोग करावा. दवाखान्यात गेलेलं मांजर भीतीनेच अंग चोरून बसतं, त्यामुळे डॉक्टरांना तिथे त्याचा नेहमीचा चेहरा दिसत नाही. घरी, ते जागं असताना, त्याला न छेडता अर्धा मिनिट बघावं आणि तेवढंच चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावं. ते झोपलेलं, खात असलेलं, अंग चाटत असलेलं किंवा ओरडत असलेलं नको, अशी माँट्रियलच्या तक्त्याची सूचना आहे. तक्ता इंटरनेटवर फुकट मिळतो. बेरीज चार किंवा पुढे गेली तर डॉक्टरांना फोन करावा, आणि तोवर घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मुळीच देऊ नये. मांजराच्या यकृताला ती पचवून बिनविषारी करता येत नाही आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.