पाणबुडीत 'हे माझं काम नाही' चालत नाही!

बालमित्रांनो, आपल्या हिंगोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपल्याला पाणी माहीत ते कयाधूचं, नाही तर सिद्धेश्वर धरणाचं. मग पाणबुडीशी आपला काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण वर्गाचा मॉनिटर किंवा कबड्डीच्या संघाचा कप्तान व्हायचं असेल, तर पाणबुडीकडून शिकण्यासारखं खूप आहे.

आधी ही पाणबुडी असते तरी कशी, ते पाहू. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या बहिणीचं नाव 'खांदेरी'. शिवाजी महाराजांनी अलिबागजवळच्या बेटावर बांधलेल्या किल्ल्याचं हे नाव! ही पाणबुडी साधारण ६७ मीटर लांब, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सहा एसटी गाड्यांएवढी. तेवढ्यात इंजिनं, बॅटऱ्या, पाणतीर, स्वयंपाकघर आणि चाळीसहून अधिक माणसं! खिडकी नाही, ऊन नाही. सकाळ झाली की रात्र, हे घड्याळानंच सांगायचं. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात सगळा कारभार बॅटरीवर. बॅटऱ्या भरायच्या तर वर येऊन नळीतून हवा घ्यावी लागते.

सगळ्यांना सगळं यायला हवं

पाणबुडीवरच्या नौसैनिकांची शाळा विशाखापट्टणमला आहे. तिचं नाव 'आयएनएस सातवाहन'. आपल्या मराठवाड्यातलं पैठण ज्यांची राजधानी होतं, तेच हे सातवाहन बरं का! शाळा संपली तरी अभ्यास संपत नाही. प्रत्यक्ष पाणबुडीवर कोणता नळ कुठं जातो, कोणती झडप काय बंद करते, कोणतं बटण कशाचं, हे सगळं शिकावं लागतं. स्वयंपाकी असो की अधिकारी, सुटका कुणाचीच नाही. परीक्षेत पास झाल्यावरच छातीवर डॉल्फिनचं मानाचं चिन्ह लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, कुठं पाणी आत शिरू लागलं किंवा धूर दिसला. तेव्हा "ज्याचं काम आहे त्याला बोलवा" म्हणायला वेळ कुठं असतो? जो जवळ असेल त्यानंच हात चालवायचा.

आणखी एक गंमत. कप्तानानं हुकूम दिला की ऐकणारा तो हुकूम मोठ्यानं परत म्हणतो. चुकीचं ऐकलं असेल तर चूक तिथल्या तिथं सापडते. यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

पुढे कोण होतो?

२६ फेब्रुवारी २०१४. मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीच्या एका कप्प्यात धूर झाला. पाणबुडीवर नव्वदहून अधिक माणसं होती. आग आवरताना आणि सोबत्यांचा जीव वाचवताना लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन तरुण अधिकारी प्राणाला मुकले. बाकीचे सगळे वाचले. अधिकारी होते म्हणून ते मागे राहिले नाहीत, पुढे झाले.

त्याच दिवशी दिल्लीतही एक गोष्ट घडली. नौदलप्रमुख ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी राजीनामा दिला. ते स्वतः काही त्या पाणबुडीत नव्हते. पण त्या काही महिन्यांत नौदलात अपघात होत गेले होते आणि नौदल तर त्यांच्या हाताखाली होतं. 'खालच्यांची चूक' असं म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. त्या अपघातांची नैतिक जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली.

मुलांनो, आता आपल्या वर्गाकडे वळू. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं म्हणजे मॉनिटरपण नव्हे. जिंकल्यावर ढाल हातात घ्यायला सगळेच पुढे येतात. हरल्यावर "माझंही चुकलं" असं आधी म्हणतो तो खरा कप्तान. आणि कप्तान नसलात तरी काय बिघडलं? वर्गातला नळ टपटप गळतोय, सगळे पाहून पुढे जाताहेत. तो बंद करायला कुणाचा हुकूम हवा का?

उद्या शाळेत गेलात की बघा बरं, असा एखादा नळ तुमची वाट पाहतोय का!