बंद दारामागची चार वर्षे

२५ मार्च १८४६. इजिप्तहून आलेली एक वाळवंटी गोगलगाय लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नमुन्यांच्या पाटीवर चिकटवण्यात आली. आत जीव उरलेला नाही, असेच सगळ्यांनी धरले होते.

चार वर्षांनी, मार्च १८५० मध्ये, शंखाजवळच्या कागदाचा रंग बदललेला दिसला. मधल्या काळात केव्हातरी ती बाहेर आली होती, निसटायची धडपड केली होती आणि जमत नाही म्हटल्यावर पुन्हा आत जाऊन तिने दार लावून घेतले होते. शंख कोमट पाण्यात ठेवला, तशी ती बाहेर आली, चालू लागली. पुढे ती सुमारे दोन वर्षे जगली.

हे दार म्हणजे तिच्याच अंगातला श्लेष्म. हवा कोरडी झाली की गोगलगाय अंग आत ओढून घेते आणि शंखाच्या तोंडावर चिकट स्रावाचा पडदा धरते. तो वाळून कागदासारखा होतो. काही जातींत त्यात चुनाही मिसळलेला असतो. आत हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास कमी होतो, साठवलेले अन्न अगदी बेताने खर्च होते. याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात.

खरी कसोटी पाण्याची. नेगेव वाळवंटातल्या पांढऱ्या गोगलगाईंचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. उन्हात जमीन ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापली, तरी शंखातला जीव ५० अंशांच्या आसपास राहिला. पांढरा शंख बहुतेक ऊन परतवतो. शिवाय ती वरच्या वेटोळ्यांत सरकून बसते, त्यामुळे खालच्या मोठ्या वेटोळ्यातली हवा तापलेल्या जमिनीपासून तिला अलग ठेवते. अंगात सुमारे १४०० मिलिग्रॅम पाणी, आणि दिवसाचा खर्च जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे २०० दिवसांच्या उन्हाळ्यात फक्त १०० मिलिग्रॅम. असा सब्र माणसाच्या शरीराला जमणारा नाही. त्याला पाण्यावाचून थोडेच दिवस काढता येतात.

मात्र हाच सब्र कुणाच्या मुळावरही येतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. मूळची आफ्रिकेची ही जात उन्हाळाभर मातीत, बांधाच्या दगडाखाली, पालापाचोळ्यात तोंड बंद करून पडून असते. मे महिन्यात शेत स्वच्छ दिसते आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर रात्रीतून भरून जाते.

म्हणून बांध साफ करायचे, उन्हाळी नांगरट करायची, ती पाऊस पडण्याआधीच. म्युझियममधल्या जाणकारांनाही जे शंख पाहून कळले नाही, ते शेतकऱ्याला वेळेआधी ओळखावे लागते: दार बंद आहे, याचा अर्थ घर रिकामे आहे असा नव्हे.