लाकडाची मासोळी

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेला माणूस दोन गोष्टी फार लवकर शिकतो. एक म्हणजे शेरा लिहिणे. आणि दुसरी, आपण लिहिलेला शेरा खरा मानणे. असाच एक शेरा आम्ही सातवीतील एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर लिहिला होता: ‘अभ्यासात लक्ष नाही.’ मुलाचे वडील नदीत मासे धरून संसार चालवणारे. मुलगा आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. चौकशी केली की उत्तर ठरलेले, “मानशीवर गरी घेऊन बसला असेल, सर.” गोमंतकाबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे तर, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन ती खाजन, आणि त्या बांधातील, भरती-ओहोटीचे पाणी आवरणारे दार ती मानस. तेथे मासळी गोळा होते, आणि तिच्यामागून गरी, म्हणजे गळ, घेतलेली मुलेही.

एके दिवशी कार्यानुभवाच्या तासाला या मुलाने खिशातून चार बोटे लांबीची एक लाकडी मासोळी काढून बाकावर ठेवली. लाकूड पांगाऱ्याचे. सावंतवाडीची खेळणी ज्या हलक्या लाकडाची घडवीत, तेच हे. अंगावर चॉकलेटची चांदी डकवलेली, डोळ्यांच्या जागी शाईचे दोन ठिपके. जिवंत सुंगटे आमिषाला लावावीत, तर ती विकून घरात मीठमिरची येते. बाजारातील प्लास्टिकचा मासा तर त्याहून महाग. म्हणून हा उद्योग. “पण सर, पाण्यात ओढली की आडवी होते,” तो खाली मान घालून म्हणाला.

त्या चांदीकडे पाहताच आम्हाला फिनलंडमधील एका कोळ्याची हकीकत आठवली. लाउरी रापाला हे त्याचे नाव. जन्म 1905 चा. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड करावी आणि उन्हाळ्यात पैयान्ने नावाच्या विस्तीर्ण सरोवरात मासे धरावेत, असे त्याचे कष्टाचे जिणे. शेकडो गळांना रोज आमिष लावायचे, आणि वल्ही मारीत मैलोन्‌मैल हिंडायचे. हिंडता हिंडता तो पाण्यात पाहत राही. लहान माशांच्या थव्यावर मोठा मासा झडप घालतो तेव्हा तो साऱ्यांमागे धावत नाही. जो किंचित डगमगत, अडखळत पोहतो, त्यालाच तो नेमका उचलतो. ही खूण पटल्यावर 1936 साली रापालाने चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली. रंग घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा चॉकलेटची चांदी तिला गुंडाळली आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. 1962 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने तिच्यावर लेख छापला, आणि मागणी पुरवता पुरवता रापाला कुटुंबाची पुरेवाट झाली. 1974 साली रापाला वारला, तेव्हा त्याच्या मासोळ्या देशोदेशींच्या पाण्यात पोहत होत्या.

हे ऐकून मुलाच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. आम्ही सहज विचारले, “आपल्याकडचा चोणक कोणती मासोळी धरतो रे?” क्षणाचाही विलंब न लावता तो उत्तरला, “सरळ पोहत नाही, ती.” आम्ही गप्प झालो. जे आम्ही पुस्तकात वाचून मिळवले होते, ते या मुलाने मानशीच्या कठड्यावर बसून, आमच्या हजेरीपटाला चुकवून, स्वतःच्या डोळ्यांनी मिळवले होते. लक्ष नाही, असे आम्ही लिहिले होते ते याच मुलाविषयी!

मग त्याची मासोळी का आडवी होते, याचा शोध आम्ही दोघांनी मिळून घेतला. पहिला दोष वजनाचा. हलके लाकूड तरंगते खरे, परंतु त्याला वर-खाली कळत नाही. पोटाच्या बाजूला भोक पाडून शिशाचा लहानसा तुकडा बसवला, की पोट खाली आणि पाठ वर राहते. दुसरा दोष जिभलीचा. मासोळीच्या हनुवटीखाली पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची तिरपी जिभली हवी. ओढताना पाणी तिच्यावर आदळते, तोंड खाली दाबते आणि अंग डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने हलवते. जखमी मासळीची चाल ती हीच. जिभली मधल्या रेषेवर नसेल, तर मासोळी कलंडलीच म्हणून समजावे. तिसरा दोष तारेचा. त्याने गळ नुसत्या लाकडात रुतवला होता. मोठ्या माशाने हिसडा दिला असता तर लाकूड हातात आणि गळ माशाच्या तोंडात. त्यासाठी पोटात करवतीने उभी चीर पाडून नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार बसवावी, तिलाच दोर आणि तिलाच गळ अडकवावेत, आणि चीर भुकटीने व गोंदाने बुजवावी. शेवटी पॉलिश पेपरने घासून रोगणाचे तीन-चार हात द्यावेत, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. कारण पाणी प्यालेले लाकूड जड होते, फुगते, आणि सारा तोल बिघडवते.

घरी मुले हा प्रयोग करतील, तर वडीलधाऱ्यांनी जवळ बसावे. चाचणीसाठी जुने गळ त्यांच्या अणकुच्या छाटून लावावेत. गळ मुळीच न लावता घेतलेली चाचणी मात्र फसवी. कारण गळांचेही वजन तोलात धरावे लागते.

आमची चाचणी शाळेच्या पाण्याच्या हौदात झाली. मासोळी उभी राहिली, हललीही. पण सारखी डावीकडे धावू लागली. रापालाच्या कारखान्यातही प्रत्येक मासोळी हौदात ओढून पाहण्याची रीत, हे आम्हाला ठाऊक होते. ती डावीकडे जात असेल, तर नाकाची कडी पकडीने केसभर उजवीकडे वळवायची. मुलाने ती वळवली, पुन्हा ओढली, पुन्हा वळवली. आम्ही मोजले नाही. परंतु मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि संपल्याचीही झाली, तरी त्याने मान वर केली नाही. अखेर मासोळी लंगडत, थरथरत, सरळ रेषेत आली. हौदाभोवती जमलेला वर्ग एकदम ओरडला.

पुढच्या सोमवारी त्याने ती पुन्हा आमच्या टेबलावर ठेवली. चांदी सोलवटली होती, आणि लाकडात तांबोशीच्या दातांच्या खुणा खोल उमटल्या होत्या. तार मात्र जागची हलली नव्हती. “बाबांनी बाजारात नेली नाही, सर. घरीच केली,” एवढेच तो म्हणाला.

मुलगा अजूनही ओहोटी साधून एखादा दिवस दांडी मारतो. हल्ली मात्र आदल्या दिवशी येऊन सांगतो. प्रगतिपुस्तकातील तो शेरा आम्ही खोडला, आणि खोडल्याच्या जागी नियमाप्रमाणे सही केली. दुरुस्ती मुलाची नव्हती, आमचीच होती.