ऑपरेटर आणि सेटर

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात आणि विचारतात, "सर, पोराला पगार किती मिळेल?" प्रश्न रास्त आहे. मी म्हणतो, तो मशीनवर कुठलं काम करेल त्यावर आहे.

साध्या लेथवर आटे पाडणं हे एकेकाळी टर्नरच्या हाताचं वैभव होतं. गिअर जुळवायचे, डायलवर नजर ठेवून नेमक्या रेषेला हाफनट टाकायचा, दर पासला टूल जरा जरा आत घ्यायचं. हात बसायला महिने लागत. आता सीएनसीवर जी76 ची एक सायकल ते काम करते. जॉब चकमध्ये लावायचा, बटण दाबायचं, काढायचा, एवढंच करणारा तो ऑपरेटर. हे काम कुणालाही थोडक्या दिवसांत शिकवता येतं, म्हणून त्याचा पगार हलत नाही. सेटरचं तसं नाही. टूल झिजलं की माप किती मायक्रॉन सरकलं ते ओळखून तो ऑफसेट देतो, ड्रॉइंग वाचतो, प्रोग्राम दुरुस्त करतो. मशीन जितकं महाग, तितका त्याचा बंद पडलेला तास महाग. सेटरला किंमत आहे ती त्यामुळे.

या दोघांत अंतर पडतं ते बरंचसं दहावीच्या त्रिकोणमितीने. टेपरच्या दोन व्यासांतल्या फरकाचं निम्मं लांबीने भागलं, की कोनाचा टॅन मिळतो. शाळेत हे ज्याला खरोखर उमगलं, तो नवा कंट्रोलर आला तरी बिचकत नाही. गणित 'ऑप्शनला टाकलेली' पोरं माझ्याकडे येतात, तेव्हा जीव तुटतो.

मग सेटरचं हे काम कारखानेच का शिकवत नाहीत? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 च्या 'ह्युमन कॅपिटल' या पुस्तकात याचं कारण मांडलं आहे. कुठेही चालणारं कौशल्य शिकवण्याचा खर्च मालक सहसा उचलत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो. आपल्याकडचा 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा ही अडचण काही अंशी सोडवतो: कारखान्याने उमेदवार घ्यायचे, विद्यावेतन द्यायचं, शिकवायचं. पण काही ठिकाणी शिकाऊ पोराला वर्षभर एकाच मशीनवर जॉब लावायला उभं करतात. त्याचा मला संताप येतो. विद्यावेतनाच्या नावाखाली तिथे स्वस्तातला ऑपरेटर राबत असतो.

म्हणून पालकांना सांगतो, कंपनीचं नाव नंतर बघा. आधी विचारा, सेटिंगला कितव्या महिन्यात घेणार, आणि पोराला प्रोग्राम उघडून बघू देणार का?