तारामतीचे वेतन

दुर्गा खोटे यांचे नाव निघाले की एक वाक्य ठरल्यासारखे पुढे येते. चित्रपटात आलेल्या त्या पहिल्या कुलीन व सुशिक्षित महाराष्ट्रीय स्त्री, हे ते वाक्य. जयंती-पुण्यतिथीच्या टिपणांत ते इतक्या वेळा छापले गेले आहे की, त्यातील ‘कुलीन’ हा शब्द नेमके काय सांगतो आणि काय झाकतो, याचा विचार करण्याची गरज कोणास भासत नाही. शाहूवाडीपासून शिरोळपर्यंत साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला मात्र तो विचार टाळता येण्यासारखा नाही. दुर्गाबाईंना अभिनेत्री म्हणून ज्या चित्रपटाने उभे केले तो कोल्हापुरात तयार झाला, आणि त्यांच्याआधी याच वाटेने गेलेल्या ज्या दोघींची आज आठवणही राहिलेली नाही, त्याही कोल्हापूरच्याच स्टुडिओतल्या होत्या.

आरंभ तारामतीपासून करणे सोयीचे होईल. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा राणीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. ज्यांना समाजाने आधीच बाजारात बसविले होते अशा स्त्रियांनीही त्यांना नकार दिला. शेवटी महिना दहा रुपयांवर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला पंधरा रुपये देऊ करून त्यांनी तारामती मिळविली. पाच रुपयांची ही वाढ म्हणजे भारतीय चित्रपटातील नायिकेच्या वेतनाचा पहिला आकडा होय. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या खऱ्या; पण तेवढ्याने वाट मोकळी झाली नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ प्रदर्शित केला. त्यात गुलाबबाई व अनसूयाबाई या दोन स्त्रियांनी काम केले. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. नाव बदलले, परंतु त्यामुळे समाज बदलला नाही. सिनेमात काम केले म्हणून दोघींना वाळीत टाकण्यात आले. मग त्या स्टुडिओच्या आवारातच राहू लागल्या आणि चित्रीकरण नसेल तेव्हा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून वाढू लागल्या. कंपनी हेच त्यांचे घर झाले, असे या हकिकतीचे वर्णन मोठ्या कौतुकाने केले जाते. व्यवहाराच्या भाषेत मात्र तिचा अर्थ निराळा आहे. ज्यांना त्या आवाराबाहेर पाय ठेवण्यास जागा नव्हती, त्यांना वेतनाची घासाघीस करण्याची ताकद कोठून असणार? नायिका आणि आचारीण ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून, एकाच छपराखाली करून घेता येत होती.

या पार्श्वभूमीवर दुर्गाबाईंकडे पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. मूळच्या गोव्याकडील लाड कुटुंबात, मुंबईत त्या वाढल्या. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. खोटे यांच्या श्रीमंत घराण्यात त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांचे शिक्षणही पुरे झाले नव्हते. पुढे त्या घराण्याची आर्थिक घडी साफ विस्कटली. पदरी बकुल आणि हरिन हे दोन मुलगे. सासर-माहेरच्या आधारावर दिवस काढणे त्यांना रुचेना. त्यांनी शिकवण्या धरल्या. शिकवणीच्या पैशांत मोठ्या घरचा खर्च भागत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला वेगळे सांगावे लागणार नाही.

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ मध्ये त्यांनी एक छोटी भूमिका केली. चित्रपट सुमार होता. पण अशा घरची सून पडद्यावर दिसली यावरूनच गहजब झाला. टीकेचे सारे आघात त्या एका छोट्या भूमिकेवर झाले. व्ही. शांताराम यांनी मात्र त्या भूमिकेतच आपली तारामती पाहिली.

‘प्रभात’ त्या वेळी कोल्हापुरात होती. १९२९ च्या १ जूनला तेथेच तिची स्थापना झालेली. १९३२ साली प्रदर्शित झालेला ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट मानला जातो. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचेच. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने अभिनय करता करता स्वतःच गायचे आणि तेच ध्वनिमुद्रित व्हायचे. दुर्गाबाईंना बोलणे, गाणे, चालणे, रडणे हे सारे एकाच वेळी शिकावे लागले. राज्य गेल्यावर काशीच्या बाजारात विकली जाणारी राणी त्यांनी उभी केली ती ज्या वर्षी त्यांचा स्वतःचा संसार ऋणात बुडाला होता त्याच काळात, हा योगायोग फार ताणू नये. पण त्यांच्या तारामतीत रडगाणे कमी आणि ताठपणा अधिक आहे, हे आजही तो चित्रपट पाहणाऱ्यास जाणवेल. १९१३ च्या आणि १९३२ च्या तारामतीत एकोणीस वर्षांचे अंतर आहे. या काळात स्त्री पडद्यावर आली, आणि सुशिक्षित घरातून आली, एवढेच सांगून टिपणकार थांबतात. वस्तुतः महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली.

त्या काळी स्टुडिओ म्हणजे एक कारखाना होता. दिग्दर्शक, छायालेखक, सुतार, रंगारी आणि नट-नटी हे सारे महिन्याच्या पगारावर बांधलेले असत. कंपनी सांगेल ते काम करावयाचे आणि दुसऱ्या कंपनीचे काम करावयाचे नाही, अशी ती व्यवस्था. तिचे गुण होते. काम असो वा नसो, पगार मिळे. नवख्याला शिकण्यास अवधी मिळे. पण कलावंत लोकप्रिय झाला तरी त्या लोकप्रियतेचा लाभ बहुतांशी कंपनीच्या पदरात पडे. दुर्गाबाईंनी ‘प्रभात’ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ केला आणि थोड्याच दिवसांत ही पद्धत मोडून त्या स्वतंत्रपणे, चित्रपटागणिक काम घेऊ लागल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या अभिनेत्री म्हणून ओळखल्या जातात. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’, १९३४ मध्ये तेथीलच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी ‘सीता’, १९३६ मध्ये पुन्हा ‘प्रभात’ साठी – ती एव्हाना पुण्यास गेली होती – ‘अमर ज्योती’. त्यातील समुद्रावर सूड घेत फिरणारी सौदामिनी ही त्या काळच्या पडद्यावरील बहुधा सर्वांत निर्भय स्त्री असेल. ‘सीता’ आणि ‘अमर ज्योती’ हे दोन्ही चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविले गेले.

कलकत्ता, पुणे, मुंबई अशी ही ये-जा एका स्त्रीने एकटीने, दोन मुलांचा भार सांभाळून करावी हे धैर्याचे खरेच. तथापि धैर्य हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे असे की, त्यांना ‘नाही’ म्हणता येत होते. एका मालकाशी पटले नाही तर दुसऱ्याकडे जाण्याइतकी भाषा, ओळखी आणि शिक्षण त्यांच्यापाशी होते. सगळेच फिसकटले असते तर शिकवण्या होत्या. मजुरीचा भाव काम किती चांगले होते यावर जितका ठरतो, तितकाच ते काम नाकारण्याची ऐपत किती यावर ठरतो. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांच्यापाशी ती ऐपत नव्हती. दुर्गाबाईंचे जे सामर्थ्य आपण त्यांच्या कुळाच्या खाती मांडतो, ते वास्तविक या पर्यायांचे सामर्थ्य होते. कुळाचा अभिमान बाळगून त्याचा उलगडा होत नाही. उलट, आधीच्या दोघी ‘कुलीन नव्हत्या’ असा एक न उच्चारलेला आरोप मात्र त्यातून शिल्लक राहतो.

उत्तरायुष्यातही दुर्गाबाईंचा हिशेब चुकला नाही. आचार्य अत्रे यांच्या १९४१ च्या ‘पायाची दासी’ मध्ये त्या खाष्ट सासू झाल्या. नायिकेचे वय सरले की घरी बसावयाचे, हा नियम त्यांनी मानला नाही. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई, ‘बॉबी’ (१९७३) मधील आजी, आणि १९७४ च्या ‘बिदाई’ साठी फिल्मफेअर पारितोषिक! रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’ तील आनंदीबाई आणि शिरवाडकरांनी मॅकबेथवरून रचलेल्या ‘राजमुकुट’ मधील राणी या भूमिका ज्यांनी पाहिल्या ते त्यांच्या चित्रपटांना दुय्यम मानत. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सन्मान झाले. पण त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, १९५२ च्या सुमारास त्यांनी फॅक्ट फिल्म्स ही स्वतःची संस्था काढली. लघुपट, पुढे जाहिरातपट आणि अखेरीस दूरदर्शन, अशी ती वाढत गेली. दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स हे तिचे नंतरचे नाव. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका याच संस्थेची. लोकलला लोंबकळणारा, महिनाअखेर मोजणारा तो कारकून लाखो घरांनी आपला मानला. पडद्यावर राणी म्हणून आलेल्या बाईने आयुष्याच्या शेवटी कारकुनाची कथा घरोघर पोहोचवावी, ही गोष्ट कोणत्याही मानपत्रापेक्षा बोलकी आहे. वेतन घेणारी स्त्री वेतन देणारी झाली होती.

मग ज्यांच्यापाशी शिक्षण नाही, ओळखी नाहीत, त्यांनी काय करावे? याचे एक उत्तर कोल्हापुरानेच दिले होते. चिकोडी तालुक्यातील खडकलाट या गावी १९२८ साली जन्मलेली रंगू नावाची मुलगी पंधरा-सोळाव्या वर्षी मास्टर विनायक यांच्या कंपनीत आली. तेथून ती भालजी पेंढारकर यांच्या जयप्रभा स्टुडिओत गेली आणि सुलोचना झाली. तिच्या खेडवळ बोलीला हसणारे पुष्कळ होते. भालजींनी तिच्याकडून वाचन करून घेतले, उच्चार घडविले. ‘मीठ भाकर’, ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘साधी माणसं’ हे चित्रपट मराठी माणसाला सांगावयास नकोत. २०२३ च्या ४ जूनला सुलोचनादीदी गेल्या तेव्हा आईच गेल्यासारखे अनेकांना वाटले. दुर्गाबाईंना जे घरातून मिळाले होते ते सुलोचनाबाईंना स्टुडिओने दिले. जी पद्धत मोडण्यात एकीचा लाभ होता, त्याच पद्धतीत दुसरीची शाळा होती. कोणत्याही एका व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी या दोन आयुष्यांचा ताळा एकदा घालून पाहावा.

ती शाळा आता राहिलेली नाही. जयप्रभाच्या जागेसाठी २०२२ मध्ये कोल्हापुरात आंदोलन झाले ते वास्तूच्या जतनासाठी. त्या वास्तूत माणसे घडविण्याची जी रीत होती तिच्या जतनाची मागणी कोणी केल्याचे दिसले नाही. काम मात्र परत आले आहे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आणि आसपासच्या गावांत दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण होते. ‘तुझ्यात जीव रंगला’ ने तर वसगडेचा वाडा घराघरांत नेऊन पोहोचविला. साहजिकच कोल्हापुरात शिकावयास आलेल्या मलकापूर-बांबवड्याच्या मुलींनाही ही वाट आता परदेशासारखी दूरची वाटत नाही.

शाहूवाडी तालुक्याला पगाराची किंमत समजावून देण्याची आवश्यकता नाही. डोंगर, अतिवृष्टी आणि तुकड्यांची जमीन यांमुळे येथील कित्येक घरे मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर उभी राहिली. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती मनिऑर्डर थांबली म्हणजे काय होते, हेही या तालुक्याने पाहिले. मालिकेतील काम दिवसाच्या दराने असते आणि केलेल्या कामाचे पैसे साधारणतः तीन महिन्यांनी हाती पडतात. याचा सरळ अर्थ असा की, नवखी मुलगी निर्मात्याला तीन महिन्यांचे बिनव्याजी कर्ज देते. घर पाठीशी असेल तर ती ते देऊ शकते. नसेल तर खोलीचे भाडे आणि खानावळ यांसाठी तिला स्वतःच व्याजाने पैसे काढावे लागतात. मालिका मध्येच बंद पडली, पात्र कथेतून वगळले गेले, तर महिन्याचा पगार नाही आणि भालजींसारखा शिक्षकही नाही. पालकांचा विरोध अजून पुष्कळ ठिकाणी ‘घराण्याचे नाव’ या भाषेत होतो. तो या हिशेबाच्या भाषेत झाला तर मुलीला त्याचे उत्तर तरी देता येईल.

तिच्यापुढे करारपत्र येते ते बहुधा इंग्रजीत. किती दिवस, कोणता दर, दुसरीकडे काम करण्यास मनाई आहे की नाही, पैसे केव्हा, हे सारे त्यात बारीक अक्षरांत असते. चित्रीकरण सकाळी सुरू व्हावयाचे म्हणून ती त्यावर रात्रीच सही करते. कॅथीड्रल शाळेत शिकलेल्या दुर्गाबाईंना असा कागद कोणाकडून वाचून घ्यावा लागला नव्हता.